तुळशी ट्रेडर्स, अच्छाड

तलासरी,
मंगळवार

हिरूदाजी, तुम्हाला कमरेतून वाकून नमस्कार, आणि तुळशीताईला नुसता मानेने, कारण ती माझी सख्खी मोठी बहीण असूनही गेल्या भाऊबीजेला नाशकाहून हलली नाही. मोबाइलच्या पडद्यावरच मला ओवाळलं आणि पडद्यावरच ओवाळणी मागितली. (दिली मी. पण मोबाइलमधल्या निरांजनाची ऊब लागत नाही, एवढं तिला सांगा.) तुमचे गुडघे कसे आहेत? दिपकच्या इमारतीला लिफ्ट आहे म्हणे, म्हणजे चढण्या-उतरण्याची पंचाईत नाही. पण लिफ्टने खाली जाऊन तुम्ही करता काय, हा प्रश्न मला आणि संगीताला रोज जेवताना पडतो. खाली बाकडं आहे का? बाकड्यावर बोलायला माणूस आहे का? ताईची साखर कह्यात असेल तर तिला सांगा की आमच्या दारचा चिकू यंदा असा लागलाय की फांद्या टेकू मागतायत, आणि कह्यात नसेल तर हे वाक्य गाळून पुढे जा. आमच्याकडे सगळं ठीक. संगीताचा खांदा पावसाळ्यात आखडला होता तो सुटला, आणि आता तो हात ती मुख्यतः मला कामं दाखवण्यासाठी वापरते.

फोन सोडून पत्र का लिहितोय, असं वाटलं असेल. फोन केला की तुम्ही ऐकू येत नाही म्हणून स्पीकर लावता, स्पीकर लावला की दिपक ऐकतो, आणि जे सांगायचंय ते तुमच्या मुलाच्या कानावर जाऊन चालणार नाही. तेव्हा हे पत्र ताईकडून वाचून घ्या, पण दिपक कामावर गेल्यावर, आणि खिडकी लावून. (ताईचा आवाज चालता ट्रक थांबवायचा, हे मी तुम्हाला काय सांगू.) दिपकनेच परवा संगीताला सांगितलं की अच्छाडच्या ढाब्याला गिऱ्हाईक मिळालंय, कुणीतरी काचेचं हॉटेल काढणार आहे, आणि येत्या रविवारी तुम्ही नाशकात बसूनच त्याला होकार देणार. दाजी, तो होकार देऊ नका. निदान या रविवारी देऊ नका. का, ते सांगायला मला जरा लांबून यावं लागेल, पण तुमच्याकडे आता वेळच वेळ आहे, आणि माझ्याकडे तो कमी पडत चाललाय.

तुम्हाला अच्छाडचा नाका आठवत असेल, जेव्हा तो खरोखरचा नाका होता. गुजरातेतून येणारी आणि गुजरातेत जाणारी प्रत्येक गाडी कागद हातात घेऊन उभी राहायची, आणि रांग अशी लागायची की शेवटच्या ट्रकवाल्याला पुढे नाका आहे हे नुसतं ऐकून माहीत असायचं. ड्रायव्हर लोक रस्त्याच्या कडेलाच दाढ्या करायचे, कपडे धुऊन आरशाला वाळत घालायचे, आणि बाकी सगळ्याला तुमच्या ढाब्यावर यायचे. ताईच्या हातची तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी खाऊन एक दांडगा पंजाबी ड्रायव्हर रडलेला मी डोळ्यांनी पाहिलाय. (तिखटाने रडला, पण रडला.) कामावरून सुटलो की मी घर सोडून आधी तुमच्याकडे यायचो, आणि संगीता अजूनही त्याबद्दल बोलून दाखवते. त्या बाकड्यावर बसलं की साऱ्या मुलखाची खबर कळायची. कुठे पूर आलाय, कुठे संप आहे, कुठल्या घाटात गाडी उलटलीय, कुठे कांदा अडलाय. आता कारखान्यात ज्याला माहितीचा प्रवाह म्हणतात आणि ज्याच्यासाठी संगणकाला वर्षाची वर्गणी भरतात, तो तेव्हा ताईच्या चहाबरोबर वाहत यायचा, आणि चहा उधारीवर असला तरी यायचा.

आमच्या फुग्यांच्या कारखान्याचं गोदाम त्या नाक्यामुळेच गच्च भरलेलं असायचं. डहाणूला फुग्यांचे कारखाने पुष्कळ, पण आमचे मोठे शेठ पहिल्यापासून वेगळ्या वाटेचे, म्हणून त्यांनी तलासरीला शेड टाकली आणि मला स्टोअरकीपर नेमलं. केरळातून रबराचा चीक यायचा तो वाटेत दहा ठिकाणी अडायचा, आणि रंग आणि फुगे चिकटू नयेत म्हणून लावायची शंखजिऱ्याची पावडर गुजरातेतून यायची ती शेवटच्या टप्प्यात तुमच्या ढाब्यासमोर अडायची. कधी कधी मी चहा पीत बसलेला असताना आमच्याच रंगाची गाडी मला समोर रांगेत दिसायची. मी तिला हात करायचो, ड्रायव्हर मला हात करायचा, आणि ती कारखान्यात दुसऱ्या दिवशी पोचायची. म्हणून मोठ्या शेठचा एकच मंत्र होता, ‘माल होय तो मान होय’, माल असेल तर मान असतो. गोदामात चिकाचे ड्रम छताला लागलेले, रंगाचे डबे रांगेने, आणि कमरेला चाव्यांचा जुडगा लावून मी. कुणाचाही फोन आला, सभा असो की उरूस की शाळेचं गॅदरिंग, तर शेठ आधी हो म्हणायचे आणि मग विचारायचे की काय हवंय. आडातच भरपूर असलं की पोहऱ्याला कसली चिंता. डहाणूचे कारखानदार आमच्याकडे उसना चीक मागायला यायचे, वाटीभर साखर मागावी तसे, आणि मी शेठच्या तोंडाकडे बघायचो आणि शेठ माझ्या, आणि दोघं मिळून त्यांना जरा ताटकळत ठेवायचो. काय दिवस होते दाजी. रुबाब होता.

आता खोटं कशाला बोलू, त्या गोदामात सगळंच काही सोनं नव्हतं. एकदा शेठनी स्वस्तात मिळतो म्हणून पिवळा रंग एवढा घेऊन ठेवला की पुढे कित्येक वर्षं तलासरीतल्या पोरांचे वाढदिवस पिवळ्या फुग्यांनीच झाले. (दिपकच्या बारशालासुद्धा पिवळे होते. ताईकडे फोटो असेल.) बदामाच्या आकाराचे फुगे बाजारात आले तेव्हा आमच्याकडे गोल साच्यांचा आणि गोल मालाचा एवढा ढीग होता की शेठ म्हणाले, आधी हा संपवू, आणि तो संपेपर्यंत लोकांची प्रेमं जुळून लग्नंही उरकली. म्हणजे मालाचा मान होता, तसा मालाचा भारही होता. पण हे मी तुम्हाला सांगतोय, संदीपशेठला नाही.

संदीपशेठ म्हणजे मोठ्या शेठचे चिरंजीव. लहानपणापासून बाहेरगावी शिकले, त्यामुळे तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही, आणि त्यांनी तुम्हाला, आणि हे आपल्या पथ्यावर पडणार आहे. मुलगा गुणी आहे. कामगारांना अहोजाहो करतो, दिवाळीला स्वतः मिठाई वाटतो. फक्त तो आला तेव्हा नाक्यावरची रांग जाऊन जमाना झाला होता. जीएसटी आला, कागद तपासणं मोबाइलवर गेलं, ट्रक न थांबता सुसाट जायला लागले, आणि तुमचा ढाबा हळूहळू कसा बसला ते तुम्हीच भोगलंय. जो मोकळा रस्ता बघून तुम्ही शटर ओढलंत, तोच मोकळा रस्ता बघून संदीपशेठचे डोळे चमकले. त्यांनी ऑफिसच्या भिंतीवर पुरवठ्याची साखळी काढली. केरळचा एक गोल, गुजरातच्या रंगाचा एक गोल, मध्ये आमचा, टोकाला गिऱ्हाइकाचा. (फुग्यांच्या कारखान्यात भिंतीवरसुद्धा फुगेच.) आणि सांगितलं की गोदाम म्हणजे झोपलेला पैसा. आता गाड्या अडत नाहीत, तर माल साठवायचा कशाला? ऑर्डर आली की चीक मागवायचा, आला की साचे बुडवायचे. आधी तीन ठिकाणांहून चीक घ्यायचो, तो आता एकाकडूनच, कारण एकाशीच संसार केला तर तो भाव सांभाळतो. यालाच आमच्यात तहान लागल्यावर विहीर खणणे म्हणतात, असं मी म्हणालो, तर त्यांनी ते वहीत लिहून घेतलं आणि म्हणाले, बरोबर, प्रविणभाई, आधी खणलेल्या विहिरीची देखभाल किती पडते विचार करा. मी विचार केला. अजून करतोय.

मग गोदाम रिकामं करायचा हुकूम निघाला. तिथे काचेची भिंत लावून मीटिंगची खोली करायची होती. दाजी, तुम्ही शटर ओढून चावी माझ्या हातात दिलीत, तो दिवस मला आठवला. गोदाम नाही तर स्टोअरकीपर कशाचा? संदीपशेठ म्हणाले की तुम्ही आता समन्वयक. मी घरी येऊन संगीताला सांगितलं, तर ती म्हणाली पगार तोच आहे ना, मग गप जेवा. ड्रम मिळेल त्या भावाला काढायचे ठरले, आणि ते घेतले कुणी? मोठ्या शेठनी. स्वतःच्या खिशातून, एका भंगारवाल्याला पुढे करून. ते ऑफिसच्या कोपऱ्यात गुजराती पेपर उघडून बसलेले असतात, सगळ्यांना वाटतं वाचतायत. मला जवळ बोलावलं आणि पेपरच्या आडून हळूच म्हणाले, प्रविण, थोडू बाजू पर राख. थोडं बाजूला ठेव. आता तलासरीत बाजूला म्हणजे कुठे? नातेवाइकांकडे, आणखी कुठे.

काकड्याचा टेम्पो आपल्या घरचाच. (काकड्या म्हणजे माझा साडू, ज्याने ताईच्या सगळ्या खुर्च्या नाशकाला पोचवल्या आणि वाटेत एक विकली तो.) त्याच्याबरोबर मी ड्रम वाटत सुटलो, लग्नाच्या पत्रिका वाटाव्यात तसा. तुम्हाला माहीत नसेल, या चिकाला अमोनियाचा वास येतो, असा की पहिल्यांदा नाकात गेला तर माणूस मेलेली आजी आठवून रडतो. म्हणून काही ड्रम वरोरला भिकीमावशीच्या खळ्यात ठेवले, तिथे बोंबील वाळत असतात, आणि बोंबलांपुढे अमोनियाची काय टाप? शेजाऱ्यांना पत्ता लागला नाही. उलट एक जण म्हणाला, मावशी, यंदा मासळी ताजी दिसते. एक ड्रम आमच्या साच्याखात्यातल्या लहान्याच्या घरी त्याच्या पाड्यावर गेला. त्याच्या बायकोने, जमनाने, आत काय आहे बघू म्हणून झाकण काढलं आणि वास सहन होईना म्हणून ते तसंच उघडं टाकून माहेरी गेली. ती परत आली तोवर अख्खा ड्रम गोठून एक गोळा झालेला. रबराचा गोळा, घट्ट, पांढरा, बैलाएवढा जड. लहान्याने पत्रा कापून तो बाहेर काढला आणि आता तो अंगणात बसायला वापरतात. मी बसून आलो, छान आहे, फक्त उठताना तो आपल्याला जरा वर फेकतो. मोठ्या शेठना सांगितलं तेव्हा ते पेपरच्या मागे बराच वेळ हलत होते. हसत होते की काय, कळलं नाही.

आणि उरलेले सगळे ड्रम, म्हणजे बहुतेक सगळेच, दाजी, तुमच्या ढाब्यात आहेत.

रागावू नका, आधी ऐका. चावी तुम्हीच दिली होतीत, महिन्यातून एकदा उघडून झाडून घे म्हणून. झाडायला मी जातोच, आणि झाडून झालं की रिकाम्या बाकड्यावर बसतो. प्यायला ताक-चहा काही नाही, समोरून गाड्या वारा घालत जातात, कुणी थांबत नाही. त्या रिकाम्या जागेत चार ड्रम ठेवले तर कुणाच्या पोटात दुखणार, असं वाटलं. मग चाराचे जास्त झाले. भटारखान्यात, चुलीपाशी, ताईच्या पिठाच्या पिंपाच्या जागी, सगळीकडे ड्रम. खरं सांगू, ढाबा भरलेला बघून मला बरं वाटलं. माणसांनी नाही तर नाही.

आता पुढचं ऐका. सुरतेच्या एका मोठ्या दुकानाचं उद्घाटन निघालं आणि आमच्याकडे ऑर्डर आली, पांढरे आणि हिरवे फुगे, गाडी भरून, आणि आठवड्याच्या आत. संदीपशेठनी हो म्हटलं, आणि त्याच संध्याकाळी केरळच्या ड्रायव्हरचा फोन आला की घाटात दरड आलीय, मी गाडीखाली चटई टाकून झोपतोय. दुसरा पुरवठादार नाही, कारण संसार एकाशीच. डहाणूला उसनं मागायला संदीपशेठ स्वतः गेले, तर तिथल्या कारखानदारांनीही हल्ली साठा ठेवणं सोडलेलं, आणि ज्याच्याकडे होता त्याने, मला वाटतं, जुनी ताटकळ आठवून नाही म्हटलं. साचे कोरडे, माणसं बसलेली, आणि चीक मिसळला तरी तो मुरायला वेळ लागतो, तो वेगळाच. पोरगं कोपऱ्यात डोकं धरून बसलं, त्याच्या तोंडचं पाणी पळालेलं. मला त्याची दया आली. मोठ्या शेठनी पेपर जरा खाली केला आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, संदीपशेठ, माझ्या ओळखीचा एक पुरवठादार आहे, बघतो. काकड्याला फोन केला, आणि तासाभरात ड्रम दारात.

दाजी, त्या आठवड्यात कारखाना पूर्वीसारखा चालला. अमोनियाने डोळे चुरचुरतायत, लहान्या साचे बुडवतोय, बायका फुग्यांच्या कडा वळतायत आणि गाणं म्हणतायत, वाळवणात हिरवा-पांढरा ढीग. माल वेळेच्या आधी सुरतेला गेला. पण संदीपशेठ पडले अभ्यासू. त्यांनी मला बोलावून विचारलं की केरळहून येणारा माल आठवड्यात येतो आणि हा तासात आला, तर हा पुरवठादार कोण? नाव सांगा. मी समोर भिंतीकडे बघत होतो, तिथल्या गोलांत मला उपयोगी पडेल असं एकही नाव नव्हतं, आणि तोंडातून निघून गेलं, तुळशी ट्रेडर्स, अच्छाड. मालक? हिरूशेठ. कसे आहेत? मोठा माणूस, फार बोलत नाहीत.

तेव्हापासून आमच्या ऑफिसच्या भिंतीवर ताईच्या नावाचा गोल आहे, केरळपेक्षा मोठा, लाल रंगाने काढलेला. संदीपशेठ वापीला कारखानदारांच्या मेळाव्यात भाषण करून आले, साखळी आखूड केली की कारखाना कसा चपळ होतो यावर, आणि त्यात तुळशी ट्रेडर्सचं उदाहरण दिलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आता त्यांनी ठरवलंय की केरळचा माल बंद करून सगळा चीक तुळशी ट्रेडर्सकडूनच घ्यायचा. घ्या, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून! ढाब्यात उरलेले ड्रम ते किती पुरणार? ते संपले की साचे कोरडे, आणि मग लहान्या घरी, कडा वळणाऱ्या बायका घरी, आणि मी तर समन्वयक असल्यामुळे सगळ्यात आधी घरी. येत्या शनिवारी वापीचे पाहुणे घेऊन ते स्वतः अच्छाडला पुरवठादाराच्या भेटीला जाणार आहेत, हार आणि शाल घेऊन. आणि दुसऱ्या दिवशी, रविवारी, तुम्ही त्या पुरवठादाराची जागा काचेच्या हॉटेलवाल्याला देऊन टाकणार. माझी झोप का उडालीय ते कळलं ना आता?

असो. फार लांबलं. शितलला (तुमच्या नातीला) मामाआजोबांचा पापा. तिला फुगे पाठवतोय, पिवळे नाहीत. ताईला सांगा, रागवायचं असेल तर समोर येऊन रागव, लांबून रागावलेलं मला लागत नाही.

तुमचा, आणि सध्या तुमच्या नावावरच्या खोटेपणात अर्धा भागीदार,
प्रविण

ता.क. आता खरं काम. शुक्रवारी या. पत्र काकड्याच्या हाती देतोय, तो नाशकाला चिकू उतरवून कांदे भरून परत येणार आहे, आणि केबिनमध्ये दोघांची जागा आहे. (कांदे मागे असतील, घाबरू नका.) दिपकच्या लग्नातला पांढरा सफारी आणा. शनिवारी फक्त गल्ल्यावर बसायचं, शाल घ्यायची, आणि संदीपशेठला गंभीरपणे एवढंच सांगायचं की बाबा, मी तुला सगळा माल देऊ शकत नाही, थोडा स्वतःकडे साठव आणि केरळवाल्याला तोडू नकोस, दुसराही एखादा धरून ठेव. हेच मी सांगितलं तर ते वहीत लिहितात आणि विसरतात. पुरवठादाराचं ते ऐकतात. भाकरीचा भाव विचारला तर मात्र सांगू नका, सवयीने तोंडातून जाईल.

दुसरा ता.क., बुधवार सकाळ. काकड्याच्या टेम्पोचं टायर बसल्यामुळे पत्र इथेच राहिलं, आणि राहिलं ते बरंच झालं म्हणायचं, कारण काल जेवताना मोठ्या शेठनी पेपर घडी करून बाजूला ठेवला आणि मुलाला सगळं सांगून टाकलं. भंगारवाला, वरोरचे बोंबील, लहान्याचा गोळा, सगळं. संदीपशेठनी हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाले, म्हणजे माझी साखळी बापाच्या गोदामावर चालत होती? मग लहान्याच्या गोळ्यावर येऊन ते हसायला लागले आणि थांबेनात. मला बोलावलं. मी राजीनाम्याचं मनात जुळवत गेलो होतो, तर म्हणाले, प्रविणभाई, काच अर्धीच लावू. अर्ध्यात मीटिंग, अर्ध्यात ड्रम, मोजके, आणि पिवळा रंग नाही. केरळवाला राहील, दुसराही एक बघा. वापीच्या पाहुण्यांना त्यांनी फोन करून भेट रद्द केली. ढाब्यातले उरलेले ड्रम आज संध्याकाळपर्यंत गोदामात येतील. तेव्हा दाजी, तुम्ही यायची, सफारी घालायची, रविवारचा होकार थांबवायची काहीच गरज उरलेली नाही. सुंठीवाचून खोकला गेला.

तिसरा ता.क., बुधवार दुपार. ड्रम हलवले. ढाबा परत रिकामा झाला आणि मला ते बघवेना, म्हणून चूल पेटते का पाहू म्हटलं. पेटली. चहा ठेवला. धूर दिसला तसा एक ट्रक कडेला घेऊन थांबला, ड्रायव्हर तरुण पोरगा, तमिळनाडूकडचा, मोडकं हिंदी बोलणारा. बाकडं स्वतःच पुसून बसला. माझ्या चहाचा एक घोट घेतला आणि ग्लास अदबीने खाली ठेवून विचारलं की इथली बाई कुठे आहे. त्याचा बाप याच रस्त्याला गाडी चालवायचा आणि घरी सांगायचा की अच्छाडला एक बाई आहे, मुलाला हाक मारावी तशी हाक मारून वाढते. मी म्हटलं, मुलाकडे गेलीय, शनिवारी येईल. तो म्हणाला, मग परतीला शनिवारीच येतो, आणि बरोबर अजून दोन गाड्या असतील. दाजी, ताई, मला तुमच्याशिवाय इथे करमत नाही, आणि हे सांगायला मी एवढी पानं खर्च केली. बाकीची सगळी खोटं मोठ्या शेठनी निस्तरली. हे शनिवारचं एक खरं करणं तेवढं तुमच्या हातात आहे, काकड्या खाली उभा आहे.